एक संगणक, दोन प्रणाली

एखाद्या घरी एकाच संगणकावर विंडोज असतं आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही. बटण दाबल्यावर ताबा कुणाला द्यायचा, हे बूटलोडर पाहतो. लिनक्सकडे बहुधा ग्रब. लिनक्सचं कर्नल तो स्वतः मेमरीत आणतो. विंडोजच्या अंतरंगात मात्र शिरत नाही, विंडोजच्याच बूटलोडरला हाक मारतो. शहाणपणाचंच आहे ते! 'सिक्युअर बूट' चालू असेल तर बूटलोडरकडे ताबा जाण्याआधी त्याची डिजिटल सही तपासली जाते.

खरी गोची विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'ची. त्यात विंडोज पूर्ण बंद झालेलंच नसतं. अशा वेळी लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. म्हणून 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. आणि ड्राइव्ह कूटबद्ध करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बूटचा क्रम बदलला की ती मागितली जाऊ शकते.