बेनी लावा कोण?



पत्रिकेतील विषय वाचून पुष्कळांनी मला विचारले, हा बेनी लावा कोण? इटलीतला कोणी क्रांतिकारक की काय? तर तसा कोणी मनुष्य नाही. ऐकणाऱ्याच्या कानात तो जन्मला, आणि तरी देशोदेशींचे लोक यूट्यूबवर याच नावाने एक चित्रफीत शोधत आले.

२००० साली एळिल यांनी दिग्दर्शित केलेला 'पेण्णिन मनदै तोट्टु' हा तमिळ चित्रपट निघाला. त्यात प्रभुदेवा आणि जया सील यांचे 'कल्लूरी वानिल' हे नृत्यगीत आहे, संगीत एस. ए. राजकुमार यांचे. २००७ साली बफलॅक्स असे टोपणनाव घेतलेल्या एका अमेरिकन गृहस्थाने, तमिळ शब्द इंग्रजी कानाला जसे भासतील तशी वाक्ये त्या गाण्याखाली छापली. अर्थाशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही. तमिळमध्ये चंद्राला 'निला' म्हणतात. ओळीच्या शेवटी येणाऱ्या त्या शब्दातून 'लावा' निघाला. गंमत खरीच, मीही पोट धरून हसलो. पण फीत जगभर गेली ती 'बेनी लावा' होऊन, आणि गाण्याचे स्वतःचे नाव मागे पडले.

असल्या नावावरून मूळ गाणे गाठायचे कसे? शब्दकोश येथे निरुपयोगी. आधी फितीचा आवाज बंद करून नाचणारा पाहावा. प्रभुदेवा आपल्याला अनोळखी नाही. 'वॉन्टेड' हा २००९ चा हिंदी चित्रपट त्याच्याच दिग्दर्शनाचा. माणूस सापडला की त्याच्या चित्रपटांची यादी काढावी, आणि गाण्यांची नावे मोठ्याने म्हणत जावीत. डोळ्यांनी वाचली तर फसगत ठरलेली. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. रोमन लिपीत तमिळ लोक 'टीएच' लिहितात. ते 'तोट्टु'मध्ये त असते आणि 'मनदै'मध्ये द होते. आपण मात्र दोन्हीकडे थ वाचतो! 'एळिल'मध्ये 'झेडएच' असते, म्हणून आपण त्या दिग्दर्शकाला बिनदिक्कत एझिल करतो. तो उच्चार खरे तर आपल्या ळच्या जवळचा आहे. शेवटी सापडलेले गाणे मूळ फितीशी ताडून पाहावे. कामगार न्यायालयात एका साक्षीवर आम्ही कधी विसंबत नाही, येथे तरी का विसंबावे?

'इंडियन थ्रिलर' म्हणून फिरलेल्या फितीचेही असेच. कोणी तिला बॉलिवुडची म्हणतात. ती १९८५ च्या 'दोंगा' या तेलुगू चित्रपटातील 'गोलीमार' आहे आणि नाचणारा चिरंजीवी आहे. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची ती छाप आहे हे कबूल. पण मुंबईत न झालेले काम मुंबईच्या नावावर मांडले, म्हणजे त्या कामगारांच्या घामाचा हिशेब भलत्याच वहीत गेला.

मी याच्या इतका मागे का लागतो? हजेरीपटावर बाळकृष्णाचा बाळकिसन झाला, की भविष्यनिर्वाह निधीच्या वेळी कचेरीतला कारकून म्हणतो, 'हा माणूस तुम्ही नव्हेच.' वीस वर्षे खाल्लेली धूळ खरी, पण कागदावरचा माणूस दुसरा! असे अर्ज लिहिता लिहिता माझे केस पिकले. चुकलेल्या नावाकडे पाहून नुसते हसणे मला आता जमत नाही.

प्रभुदेवाचे नाव निदान सापडते. त्याच्या मागे रांगेत नाचणाऱ्यांचे काय? तो स्वतःही १९८८ च्या 'अग्नि नक्षत्रम'मध्ये अशा मागच्या रांगेतच नाचला होता. ती नावे चेहरा ओळखून किंवा शब्द उच्चारून मिळत नाहीत. चेन्नईत दक्षिणेतील चित्रपट कामगारांचा महासंघ आहे, त्याला फेफ्सी म्हणतात. त्यात नर्तकांचीही संघटना आहे. पुढची विचारपूस तेथे करावी लागेल.