वलनीचा वेग आणि रणजीची परीक्षा

सावनेर तालुक्यातलं खापरखेडा म्हटलं की वीज केंद्राची धुरांडी आणि आसपासच्या कोळसा खाणी डोळ्यांपुढे येतात. भारताकडून क्रिकेट खेळलेला वेगवान गोलंदाज उमेश यादव हा इथल्याच वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा. सुरुवातीची वर्षं तो टेनिस बॉलवरच खेळला. वेग अंगात होता, पण नुसत्या वेगावर भारताची टोपी मिळत नाही.

टेनिस बॉल हलका, त्याला उठावदार शिवण नसते. लेदर बॉल भरतो १५६ ग्रॅमच्या आसपास आणि शिवण सरळ पडली तर हलतो. हे अंगवळणी पडायला क्लबचे सामने लागतात. नागपुरात त्यासाठी गझदर लीग आहे. विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी उमेशला हेरलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये तो मध्य प्रदेशाविरुद्ध रणजी करंडकाच्या सामन्यात उतरला. पहिल्याच डावात ७५ धावांत ४ बळी! त्या हंगामात ४ सामन्यांत २० बळी. २०१० मध्ये तो एकदिवसीय संघात आला, २०११ मध्ये कसोटी संघात. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच.

रणजी नेमकं काय तपासते? सकाळी नव्या चेंडूवर बळी मिळतातच. चेंडू ६० षटकं जुना झालाय, फलंदाज जम बसवून उभा आहे, ऊन रणरणतंय आणि कर्णधार तिसऱ्या स्पेलला बोलावतो, तेव्हा गोलंदाजाचा कस लागतो. निवड समितीला हेच बघायचं असतं. पुढे दुलीप करंडक, भारत ‘अ’ संघ. प्रत्येक पायरीवर समोरचा फलंदाज अधिक पक्का.

पण हमी कुणालाच नाही. २०१७-१८च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाच्या रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, विदर्भ प्रथमच विजेता झाला, तरी भारतीय संघाचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. आणि भारताकडून खेळलेल्यालाही रणजी सुटत नाही. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडला केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात उमेशने १२ बळी घेतले.

म्हणून खापरखेड्याच्या पालकांना एकच सांगणं. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर रणजी सामना असला की पोरांना तिसऱ्या दिवशी दुपारी घेऊन जा. धावफलकाकडे नको, जुना चेंडू घेऊन धावणाऱ्या गोलंदाजाकडे बघायला सांगा.