दुमागेतेतले परदेशी

फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावर दुमागेते नावाचं समुद्रकाठचं छोटं शहर आहे. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1901 मध्ये इथे शाळा काढली, तिचंच आज सिलिमन विद्यापीठ झालंय. त्यामुळे गावात जिकडेतिकडे विद्यार्थी, आणि इंग्रजी सर्रास चालते. राहणंही स्वस्त. म्हणून अमेरिका-युरोपातले कितीतरी निवृत्त लोक इथे बिऱ्हाड थाटतात.

संध्याकाळी समुद्रकाठच्या रिझाल बुलेवार्ड या रस्त्यावर गाडीवाले काडीला टोचलेला टेम्पुरा तळत असतात. पोरं तो सॉसमध्ये बुचकळून उभ्या उभ्या फस्त करतात. शेजारच्या बाकावर पिकल्या केसांचे परदेशी वारा खात बसलेले.

चित्र छान आहे, कागदपत्रं मात्र किचकट. परदेशी माणसाला इथे जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट मिळतो, तोही इमारतीतला परदेशी वाटा 40 टक्क्यांच्या आत असेल तरच. मग काहीजण जमीन फिलिपिनो बायकोच्या नावावर घेतात. संसार विस्कटला, की जमिनीवर पाणी सोडायचं! शिवाय व्हिसाची मुदत वाढवत राहायची, ते वेगळंच. आणि बाजारात मासळीचा भाव करायचा, तर मोडकीतोडकी का होईना, इथली सेबुआनो भाषा यायला हवी.