मंत्रचळ आणि त्यावरील उपचार

हात धुऊन झाले तरी ते धुतले गेले नाहींत असें वाटावें. कुलूप ओढून पाहिलें तरी दहा पावलांवरून परत फिरावें. मन 'झालें' म्हणतें, आणि तेंच मन लागलीच 'खरोखरच?' असें विचारतें. अशा माणसाला मंत्रचळ लागला असें म्हणून लोक तें हंसण्यावारी नेतात. वास्तविक हा हंसण्याजोगा प्रकार नव्हे. आपली भीति अवास्तव आहे हें रोग्याला बहुधा कळत असतें. तरीहि नळाखालचा हात निघत नाहीं.

याचें कारण असें कीं, धुतल्यानें भीति क्षणभर निवते. आणि ती निवते म्हणूनच पुढील वेळीं धुण्याची ओढ अधिक बळावते. नवें कर्ज काढून जुन्याचें व्याज भागवावें, तसा हा व्यवहार! न धुतां काय झालें असतें, हें पाहण्याची संधि रोग्याला कधीं मिळतच नाहीं.

लंडन येथील मिड्लसेक्स रुग्णालयांत व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानें ती संधि देऊन पाहिली. १९६६ सालीं त्यानें दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीला स्वच्छतेनें पछाडलें होतें. दुसरीच्या मनांत देवाधर्माविषयीं अभद्र विचार येत व त्यांच्या निवारणार्थ तिला ठराविक कृत्यें करावीं लागत. पहिलीच्या खोलींतील नळाचें पाणी बंद करण्यांत आलें. परिचारिका सोबत राहून तिला धुण्यापुसण्यापासून परावृत्त करीत. आणि ज्या वस्तूंना ती भिई, त्यांनाच हात लावण्यास तिला सांगण्यांत येई. वरवर पाहतां हें निर्दयपणाचें वाटतें. परंतु त्या काळीं अशा कांहीं रोग्यांच्या बाबतींत मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यापर्यंत मजल जात असे, हें विसरतां कामा नये. १९७४ पर्यंत मेयर व त्याच्या सहकाऱ्यांनीं पंधरा रोग्यांवर हा उपचार केला. त्यांपैकीं दहांना उत्तम गुण आला, उरलेल्यांना कमीअधिक. ज्या विकारापुढें वैद्यांनीं हात टेकले होते, त्यांत हें यश लहान नव्हे.

आतां नळ बंद करीत नाहींत. रोगी व उपचारक मिळून भीतीच्या पायऱ्या ठरवितात आणि सोप्या पायरीपासून आरंभ करतात. दाराच्या कडीला हात लावावयाचा आणि न धुतां बसावयाचें. भीति चढते, कांहीं वेळानें बहुधा आपोआप ओसरते, न ओसरली तरी ती सोसतां येते, एवढें तरी समजतें. कित्येकांना औषधांचीहि जोड द्यावी लागते. सर्वांना सारखा गुण येतो असें नाहीं, आणि कांहीं जण धास्तीनें उपचार अर्ध्यावर सोडतात. म्हणून जाणत्या उपचारकावांचून या वाटेला जाऊं नये.

सर्वांत नाजूक बाब म्हणजे घरच्यांची माया. रोग्यानें "दार लागलें ना?" असें दहांदा विचारावें आणि आईनें दहांदा "हो रे बाळा" म्हणावें. तिचा प्रत्येक 'हो' म्हणजे हात धुण्याचाच दुसरा प्रकार. म्हणून उपचारक आईलाहि शिकवितो, कीं रागवावयाचें नाहीं, टोमणा मारावयाचा नाहीं, "याचें उत्तर द्यावयाचें नाहीं असें तुझ्याच संमतीनें ठरलें आहे ना?" एवढेंच म्हणावयाचें, आणि त्याची तगमग शमेपर्यंत जवळ बसून राहावयाचें.