एप्रन घरी आणू नका

परवा सिंदी मेघेतल्या आमच्या घराजवळच्या टपरीवर दोन मुली तर्री-पोहे खात होत्या. अंगात पांढरे एप्रन. मी सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहवलं नाही. म्हटलं, “पोरींनो, एप्रन प्रयोगशाळेतच ठेवत जा.” एक हसून म्हणाली, “काकू, आज साधंच प्रॅक्टिकल होतं.”

साधं! विद्यार्थिदशेत मीही हेच म्हणत असे. तेव्हा पिपेट तोंडानं ओढायची पद्धत होती. एकदा लक्ष चुकलं आणि जिवाणूंचं पाणी थेट तोंडात आलं. थुंकलं, चुळा भरल्या. पण सरांना सांगितलं नाही. बोलणी बसतील ही भीती! पुढचे आठ दिवस आई कपाळाला हात लावायची, तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. ताप आला नाही, हे केवळ नशीब.

लहानशी चूक किती महागात पडते, याचा धडा मुंबईशी जोडलेला आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि १८९७ साली आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस दिलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. ठपका आला हाफकिन यांच्यावर आणि मुंबईच्या प्रयोगशाळेवर. पुढे उलगडलं, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन दोषमुक्त झाले, पण १९०७ उजाडावं लागलं. गेलेले १९ जीव मात्र परत आले नाहीत.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव हाताळण्याचे नियम १९८९ पासून आहेत. जनुकीय बदलांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावीच लागते. जंतूंच्या धोक्यानुसार प्रयोगशाळांचे चार स्तर ठरलेले आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे. जंतू वाढवलेल्या बशा आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेवर निर्जंतुक करायच्या, मगच बाहेर द्यायच्या.

पण भिंतीवरचा नियम हातात उतरतो तो सरावानं. काचेची नळी फुटून जंतू सांडले, तर काय करायचं? आधी जवळच्यांना सावध करायचं. सांडलेल्यावर कागद टाकायचा, त्यावर कडेकडून मध्याकडे जंतुनाशक ओतायचं, ठरलेला वेळ थांबायचं आणि मगच पुसायचं. काचा हातानं नव्हे, चिमट्यानं उचलायच्या. हे वाचून येत नाही. रंगीत पाणी सांडून दहा वेळा करवून घ्यावं लागतं, आणि तेही पहिल्या प्रयोगाच्या आधी.

शिक्षकांना एकच विनंती. चूक सांगायला आलेल्या मुलावर ओरडू नका, फुटलेल्या नळीचा दंड घेऊ नका. दंडाच्या भीतीनं मूल गप्प बसतं आणि दुखणं घरापर्यंत जातं.

आणि पालकहो, मुलांचा एप्रन घरच्या बादलीत, आजीच्या लुगड्यासोबत भिजत पडला असेल, तर आज त्यांना जरूर विचारा, “बाळा, हा घरी कसा आला?”