आधी आभाळ, मग आराखडा



 गवंडी आणि सुतार आज या परिषदेत आपल्या वास्तुविशारद-अभियंत्यांच्या बरोबरीने बसले आहेत, याचा मला विशेष आनंद वाटतो. हवामान ओळखून घर बांधण्याची विद्या आपल्या महाविद्यालयांत येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या हातात होती.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्यात वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास असतो आणि शिरोळला जेमतेम ५००. बावडा ते शिरोळ अंतर शंभरेक किलोमीटरचे; तेवढ्यात पाऊस दहापटीने घटतो. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे उतरेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. निसर्गाने एका जिल्ह्यात इतका फरक ठेवला आहे आणि आपण मात्र बावड्याला आणि शिरोळकडच्या जयसिंगपूरला एकाच नकाशाचा बंगला बांधतो आहोत. माझे आजचे म्हणणे एवढ्याच गोष्टीभोवती आहे.

पूर्वी छपरावरून मुलूख ओळखता येई. घाटमाथ्याच्या बाजूला जांभ्याच्या भिंती, उभ्या उताराची पाखे आणि डोके वाकवून आत शिरावे इतकी खाली आलेली वळचण असे. पाणी भिंतीला शिवण्याआधीच दूर पडे. पाऊस आडवा येतो म्हणून मृगाच्या आधी भिंतीला गवताची झडी बांधली जाई. शहरातल्या पेठांत मध्यम उताराची कौले, पुढे सोपा, मध्ये चौक, मागे परडे. चौकातली तापलेली हवा वर निघून जाई आणि सोप्यातून थंड हवा आत ओढली जाई. पूर्वेला सरकत माणदेशाकडे जावे, तर तिथे सपाट माळवदे. कडीपाटावर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडासाठी आणि धुरासाठी सवणे. कमी पावसाच्या मुलखात तो थर दिवसभराचे ऊन अडवून धरी, आणि वर धान्य वाळवायला व रात्री निजायला हक्काची जागा मिळे. तिन्हीकडची माणसे मराठीच. छपरे मात्र पावसाने ठरवली होती.

नदीचेही तसेच. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, पुराच्या वाटेवरच उभे आहे. पाणी चढले की उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते आणि भाविक तो दक्षिणद्वार सोहळा म्हणून साजरा करतात. पाणी येणारच हे गृहीत धरून त्याला यायला आणि जायला वाट ठेवली, म्हणून ती वास्तू टिकली. पंचगंगा घाटावरची दगडी देवळे आणि दीपमाळा दर पावसाळ्यात पाण्यात जातात आणि पाणी ओसरले की धुऊन पुन्हा वापरात येतात.

म्हणून जुने ते सगळे चांगले, असा माझा दावा मुळीच नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. त्या पाण्यात गावोगावच्या मातीच्या भिंती विरघळून कोसळल्या. पूरपट्ट्यात मातीच्या भिंतीचा आग्रह धरणे हा अपराध ठरेल. पण त्याच पट्ट्यात तळमजल्यावर विजेचे मीटर, प्लायवूडची कपाटे आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची सजावट आपण आजही करतो, त्याला काय म्हणावे? परंपरेतून घ्यायची ती विचाराची पद्धत. साहित्य काळाप्रमाणे बदलेल.

आता आपल्या रोजच्या कामाकडे वळतो. शहरातल्या कोणत्याही उंच गच्चीवरून नजर टाका. स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्रा दिसेल. स्लॅब एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली झोपलेल्या माणसांवर सोडतो. जुलैत तोच गळू लागतो. मग घरमालक पदरमोड करून त्यावर उतरते छप्पर घालतो. स्लॅबला सावली मिळते, मधून वारा खेळतो, गळती थांबते. म्हणजे आपण काढलेला नकाशा रहिवाशाने दुरुस्त केलेला असतो आणि त्यासाठी त्याने छपराचे पैसे दोनदा मोजलेले असतात. हे दुसरे छप्पर पहिल्याच दिवशी आपल्या कागदावर का नसावे?

पश्चिम दिशेचेही तेच. उन्हाळ्यात दुपारचे ऊन आणि पावसाळ्यात झड, दोन्ही आपल्याकडे पश्चिमेनेच येतात, आणि त्याच बाजूला आपण छज्ज्याशिवाय मोठी काच बसवतो. मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांपुढे हाच पेच होता. समुद्राचा वारा पश्चिमेचा, ऊन-पाऊसही पश्चिमेचाच. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत त्यांनी दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या ठेवून वारा आत घेतला आणि ऊन-पाऊस बाहेर थोपवला. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचे तत्त्व त्यांनी गगनचुंबी इमारतीत नेले. आपल्या सोप्याला ते का जमू नये?

कोल्हापूरच्या अंबाबाईचे देऊळही पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. आज त्या किरणांच्या वाटेतील बांधकामांचे अडथळे मोजायची वेळ आली आहे. ऊन आणि वारा एका प्लॉटच्या मालकीचे नसतात, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? देवळाला लागू पडते ते पेठेतल्या शेजाऱ्याच्या चौकालाही लागू पडते.

राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. साऱ्या देशाचा विचार करताना ते पुरतील. आपल्याला एकट्या जिल्ह्यात तीन लागतात. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने राज्याच्या बहुतेक भागासाठी बांधकामाचे नियम एकसारखे केले. त्यामुळे परवानगीचे काम सोपे झाले, हे मी मानतो. परंतु नियम इमारत किती मोठी असावी ते सांगतात. ती कुणाच्या पावसात उभी राहणार आहे, हा विचार आपल्यालाच करायचा आहे.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन कामे ठेवतो. पहिले, प्रत्येक तालुक्याची बांधकाम-पत्रिका तयार करू. तिच्यात पाऊस, वाऱ्याची दिशा, पूररेषा, मिळणारा दगड आणि त्या भागातले कारागीर यांची नोंद असेल. दुसरे, प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी एका उभ्या जुन्या घराची मापे घ्यावीत आणि ते बांधणाऱ्या परंपरेतल्या गवंड्याशी बोलून त्याची कारणे लिहून ठेवावीत. तिसरे, पूरपट्ट्यातल्या कोणत्याही घराचा नकाशा काढताना वीज, देवघर आणि झोपायची खोली पूररेषेच्या वर नेल्याशिवाय आपण त्यावर सही करायची नाही.

यातले कुठलेही काम सरकारी आदेशाची वाट पाहत थांबलेले नाही. आपापल्या तालुक्याची पत्रिका कोण लिहिणार, ती नावे आज संध्याकाळच्या सत्रात ठरवू या.