हरपलेला वाचक

ग्रंथालयाचे फेसबुक-पान कोणापर्यंत पोहोचेनासे झाले, अशी खंत आपण व्यक्त करता. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने संस्थांच्या मजकुरापेक्षा आप्तस्नेह्यांच्या संवादाला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. आपण मात्र सभांच्या सूचनाच लावीत राहिलो! विकत घेतलेले अनुयायी हे उणेपण भरून काढणार नाहीत. ते वाचत नाहीत, बोलतही नाहीत. प्रथम पानावर नियमभंगाचा ठपका आहे का, हे पाहावे. तो चुकीचा असल्यास फेरविचार मागावा. मग दर आठवड्यास एका पुस्तकाविषयी प्रश्न विचारावा आणि प्रत्येक उत्तराला आपुलकीने उत्तर द्यावे. देवघेवीच्या टेबलाशी शंभर वर्षे आपण हेच करीत आलो. महाराष्ट्राबाहेर मराठी वाचक असाच एकेक करून जोडला गेला; परतेल तोही असाच.